लेप्टॉन: नाव आणि कूळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितले गेले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. अभ्यासक्रमात नसतानाही आमच्या विज्ञानाच्या सरांनी दहावीच्या वर्गात लेप्टॉन या मूलकणांविषयी जे सांगितले, त्यातूनच मला भौतिकशास्त्राची ओढ लागली.

सरांनी प्रथम नावाचा अर्थ सांगितला. ग्रीक भाषेत ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक, लहान. त्यावरून लिऑन रोझेनफेल्ड यांनी १९४८ साली हे नाव सुचवले, आणि तेव्हा माहीत असलेल्या इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि न्यूट्रिनो या लेप्टॉनच्या बाबतीत ते सार्थच होते. प्रोटॉनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट. अँडरसन आणि नेडरमायर यांना वैश्विक किरणांत, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांच्या वर्षावात, सापडलेला म्युऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड असला, तरी प्रोटॉनच्या जेमतेम नवव्या हिश्श्याइतका. विद्युत्भार नसलेला न्यूट्रिनो तर जवळपास वजनरहितच. पुढे १९७० च्या दशकात मार्टिन पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड येथे टाऊ हा कण शोधला. सरांनी फळ्यावर १८३६ च्या खाली त्याचा आकडा मांडला: ३४७७. प्रोटॉनच्या जवळजवळ दुप्पट वस्तुमानाचा हा कण ‘हलक्यांच्या’ पंक्तीत कसा बसतो, हे त्यांनी आम्हालाच विचारले.

उत्तर असे की, हे कूळ वजनावर ठरतच नाही. अणुकेंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना बांधून ठेवणारे जे प्रबळ बल, ते लेप्टॉनला स्पर्शही करत नाही. हीच त्याची खरी ओळख.

ही ओळख पटवणारा प्रयोग मला आजही विज्ञानातील सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. जपानी भौतिकशास्त्रज्ञ युकावा यांनी १९३५ मध्ये या प्रबळ बलाचा वाहक म्हणून एका कणाचे भाकीत केले होते आणि म्युऑन हाच तो कण, असा बराच काळ समज होता. तसे असते, तर पदार्थात थांबलेला ऋणभारित म्युऑन क्षय पावण्याआधीच, म्हणजे आपोआप मोडून इतर कणांत बदलण्याआधीच, केंद्रकाने गिळला असता. रोममध्ये कॉन्व्हर्सी, पॅन्चिनी आणि पिच्चिओनी यांनी हेच तपासले. लोखंडात तसे घडलेही. कार्बनमध्ये मात्र बहुतेक म्युऑन केंद्रकाजवळ असूनही त्यापासून अलिप्त राहिले आणि सुमारे २.२ मायक्रोसेकंदांचे आपले आयुष्य संपवून क्षय पावले. प्रबळ बलाचा वाहक असा अलिप्त राहिला नसता; म्हणजे म्युऑन हा युकावांचा कण नव्हे. हा निष्कर्ष १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. महायुद्धात बाँबहल्ल्यांमुळे या संशोधकांना आपली उपकरणे व्हॅटिकनजवळच्या एका शाळेत हलवावी लागली होती आणि म्युऑनवरील त्यांची आधीची मोजमापे तिथेच झाली, हे शाळेच्या स्मरणिकेत आवर्जून नोंदवावेसे वाटते.

या कुळात आज सहा कण आहेत: इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ आणि प्रत्येकाचा जोडीदार न्यूट्रिनो, त्यांपैकी टाऊ न्यूट्रिनो प्रत्यक्ष आढळल्याचे अमेरिकेतील फर्मीलॅब या प्रयोगशाळेने २००० साली जाहीर केले. पहिल्या तिघांचा विद्युत्भार सारखा, फिरकी (स्पिन हा कणाचा अंगभूत गुणधर्म) सारखी. मग वस्तुमानात एवढी तफावत का, हा प्रश्न त्या तासाच्या अखेरीस वर्गातल्या एका मुलीने विचारला होता. याचे उत्तर अजून कोणालाच सापडलेले नाही, असे सरांनी स्पष्टपणे सांगितले, आणि ते आजही तितकेच खरे आहे.