उत्सिराच्या तक्त्यातलं शून्य

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर नकाशे आणि लोकसंख्येचे तक्ते करणं हे माझं काम. उत्सिरा बेटाच्या बोटीच्या वेळापत्रकावरचा अहवाल आमच्याकडे आला होता. त्यातला एक रकाना अजून डोक्यातून जात नाही.

उत्सिरा ही देशातली सर्वांत कमी लोकवस्तीची पालिका. क्षेत्रफळ सुमारे 6 चौरस किलोमीटर, माणसं दोनशेच्या आसपास. मुख्य भूमीवरच्या हौगेसुन्द शहरातून बोटीने तासाभरापेक्षा थोडं जास्त लागतं. दोन्ही बाजूंना उघडे खडक, मधे उत्तर-दक्षिण सखल पट्टा, बहुतेक घरं त्यातच. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना बंदर आहे, आणि बोट कुठल्या धक्क्याला लागणार हे वारा ठरवतो. ऑफिसातल्या मॉडेलमध्ये एकच धक्का होता. मी भांडून दोन्ही घातले आणि प्रत्येक घरापासूनचं अंतर वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वेगवेगळं काढलं. हे काम मला मनापासून आवडलं.

पाहणीला गेले त्या दिवशी बोटीत सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा भेटला. कॉलेजसाठी मुख्य भूमीवर राहतो, सुट्टीला घरी निघाला होता. दुपारी बेटावरून ऑनलाइन बैठकीला बसले, तर एक वरिष्ठ सहकारी म्हणाला, "तक्त्यात सोळा-सतराच्या वयोगटात शून्य आहे. मग रविवारची परतीची फेरी कशाला?"

ते शून्य खरं शून्य नव्हतं. कुणाची ओळख उघड होऊ नये म्हणून त्या तक्त्यात 1 आणि 2 हे आकडे 0 किंवा 3 करून छापतात. नियम योग्यच आहे, दोनशे माणसांत एक आकडा म्हणजे एक चेहरा. पण आकडेवारी वापरणाऱ्याने तळटीप वाचलीच पाहिजे, आणि आमच्याकडे ती फार थोडे वाचतात. टक्केवारीचंही तेच. चौघांचं एक कुटुंब हललं की 2 टक्के घट, आणि लगेच मसुद्यात 'चिंताजनक घसरण'!

"एवढीशी पालिका शेजारच्यांत विलीन का करत नाहीत?" हेही त्या सहकाऱ्याने विचारलं. 2020 पर्यंत नॉर्वेतल्या पालिका 428 वरून 356 झाल्या, तरी उत्सिरा स्वतंत्र राहिलं. 1925 च्या निवडणुकीत इथल्या 12 पैकी 11 जागा बायकांनी जिंकल्या आणि सुईण ओसा हेल्गेसेन देशाची पहिली महिला महापौर झाली. हे गाव तक्त्याच्या सोयीसाठी पुसायचं?

रविवारची फेरी मसुद्यात तूर्त राहिली आहे. पण तक्ता पुढे जाताना तळटीप गळून पडते, हे मी पाहिलंय. म्हणून त्या रकान्यात 0 ऐवजी 'आकडा झाकलेला' असं लिहावं, असा माझा आग्रह आहे. सहकाऱ्याला ते विद्रूप दिसतं.