२६४ फ्रेमची शांतता

सकाळी निर्मात्यांच्या ऑफिसातून फोन आला. दोन वर्षांपूर्वी मी संकलन केलेल्या चित्रपटातल्या नायिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं होतं. सोहळ्यात तिचं नाव पुकारताना मागच्या पडद्यावर दाखवायला वीस सेकंदांची क्लिप हवी होती, तीही संध्याकाळपर्यंत. "तोच सीन द्या, शांततेचा," असं सांगून त्यांनी फोन ठेवला. कुठला सीन, हे मला विचारावं लागलं नाही.

सीन साधा आहे. आई मुलीला सांगते की घर विकलं, सह्या झाल्या. मुलगी काही बोलत नाही. अकरा सेकंद नुसती उभी राहते आणि मग म्हणते, "बरं." त्या वर्षी आलेल्या जवळजवळ प्रत्येक परीक्षणात या अकरा सेकंदांबद्दल लिहिलं गेलं. नामांकनही त्यांच्याच जोरावर आलं असणार.

माझा सहायक कामाला लागून तीनच महिने झाले होते. त्यानं जुनी ड्राइव्ह जोडून प्रोजेक्ट उघडला, तर निम्मी टाइमलाइन लाल, 'मीडिया ऑफलाइन'. फाइली शोधून जोडण्यात तासभर गेला. सीन एकदाचा चालू झाला तसा तो खुर्ची पुढे ओढून पाहू लागला. संपल्यावर म्हणाला, "ताई, काहीच न करता इतका वेळ कसं धरून ठेवलं असेल हो त्यांनी?"

मी उत्तर दिलं नाही. त्या शॉटवर प्लेहेड नेला आणि मॅच फ्रेम, म्हणजे कापलेल्या तुकड्याचं मूळ चित्रण उघडणारं बटण, दाबलं. मूळ टेक उघडला.

टेकमध्ये क्लॅप वाजते, क्लॅप देणारा मुलगा फ्रेमबाहेर जातो आणि साउंड रेकॉर्डिस्टचा आवाज येतो, "एक मिनिट, विमान जातंय." कॅमेरा चालूच राहतो. ती उभी आहे. नजर खाली जाते, ती आवंढा गिळते, मग समोर बघते. त्यानंतर दिग्दर्शकाचं "ॲक्शन" ऐकू येतं. चित्रपटातल्या शांततेतली सात सेकंदं ही अशी, विमान जाण्याची वाट बघतानाची आहेत. उरलेली चार मी आईच्या चेहऱ्यावर कट करून मिळवली होती. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर अकरा सेकंद म्हणजे २६४ फ्रेम. त्या सीनचे तिचे नऊ टेक होते आणि एकाही टेकमध्ये ती "बरं" म्हणायला दोन सेकंदांहून जास्त थांबलेली नाही.

माझ्या सहायकाचा चेहरा उतरला. "म्हणजे हे त्यांनी केलेलंच नाही. मग पुरस्कार कशाचा?"

कुलेशॉव्हचा प्रयोग त्याला पाठ होता. १९२०च्या आसपास रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हनं एका नटाच्या त्याच निर्विकार चेहऱ्यापुढे वेगवेगळे शॉट जोडले आणि बघणाऱ्यांना त्या चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. हे आमच्या धंद्यातलं पहिलं बाळकडू. परीक्षेत लिहायला ते सोपं असतं. पण आवडत्या अभिनेत्रीच्या बाबतीत ते डोळ्यांसमोर घडलं की माणूस दुखावतो. मीही दुखावले होते, फक्त माझी तऱ्हा वेगळी होती. त्या अकरा सेकंदांचं कौतुक दोन वर्षं ऐकताना प्रत्येक वेळी मनात येई की ती माझी आहेत. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी त्या मुलाच्या तोंडून "मग पुरस्कार कशाचा" ऐकलं आणि क्षणभर मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज वाटली म्हणूनच मी त्याला म्हटलं, "थांब. सगळे रशेस बघू. पहिल्यापासून."

क्लिपचं काम वीस मिनिटांचं होतं. आम्ही दुपारी तीनपर्यंत रशेस, म्हणजे शूट झालेलं सगळं न कापलेलं चित्रण, बघत बसलो.

तिचे नऊ टेक बघितले. चांगले होते, नेटके, पण अंगावर काटा यावा असं त्यांत काही नव्हतं. मग टाइमलाइनवरचा "बरं" पुन्हा ऐकला. तो कोणत्याच टेकशी जुळेना. नऊही टेकमधला "बरं" कोरडा, सरळ. चित्रपटातला मात्र मध्ये फाटतो, 'ब' आणि 'रं'च्या मध्ये आवाज जरासा बसतो. मी ऑडिओच्या तुकड्यावर मॅच फ्रेम दाबलं आणि समोर आला आईचा क्लोजअप. टेक चौथा.

मी हे पार विसरले होते. आईचा क्लोजअप घेताना मुलगी कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून क्यू देत होती. तिच्यावर ना लाइट, ना मेकअप, फ्रेममध्ये ती कुठेच नाही. अशा वेळी पुष्कळ नट ओळ नुसती वाचून दाखवतात. कित्येक जण तर निघूनच जातात आणि क्यू सहायक दिग्दर्शक देतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ही मात्र थांबली, आणि समोरच्या नटीला खरं काहीतरी मिळावं म्हणून तिनं आपल्या नऊ टेकमध्ये कुठेही न दिलेला "बरं" तिथे दिला. तो आईच्या माइकवर लांबून, थोडा पोकळ पकडला गेला. एडिटच्या वेळी मी तो उचलला, साउंडवाल्यांनी साफ केला आणि तो तिच्या मिटत आलेल्या ओठांवर बसवला. तो "बरं" नसता तर माझे २६४ फ्रेम म्हणजे विमान जाण्याची वाट बघणारी एक बाई, एवढेच उरले असते.

मुलानं तो टेक तीन वेळा ऐकला, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि गप्प बसला.

पुरस्कार योग्य माणसाला मिळतो का, हा वाद लोक नेहमी घालतात आणि त्यांची उदाहरणं खोटी नसतात. १९३५ साली बेट डेव्हिसला 'ऑफ ह्यूमन बॉन्डेज'साठी ऑस्करचं नामांकनही मिळालं नाही. त्यावर इतका गहजब झाला की मतदारांना मतपत्रिकेवर हवं ते नाव लिहायची मुभा द्यावी लागली. पुढच्याच वर्षी 'डेंजरस'साठी तिला ऑस्कर मिळालं आणि ती आधीच्या वर्षाची भरपाई आहे असं सगळ्यांनी मानलं, तिनंसुद्धा. अल पचिनो सहा नामांकनांनंतरही रिकाम्या हाती राहिले आणि १९९३ साली त्यांना ऑस्कर मिळालं ते 'सेंट ऑफ अ वुमन'साठी. सत्तरच्या दशकातलं त्यांचं काम पाहिलेल्या कुणालाही हा हिशेब उशिरानं मिटवलेला वाटेल. पीटर ओ'टूल यांना आठ नामांकनं मिळाली, आणि मिळालं ते मानद ऑस्कर. प्रचाराचं तर काय सांगावं, मोठ्या स्टुडिओंकडे त्यासाठी वेगळी माणसं असतात. ऑस्करच्या अंतिम फेरीत मत देणाऱ्यानं त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेलेच असले पाहिजेत, हा नियम अकादमीनं २०२५ मध्ये केला. तोवर बहुतेक विभागांत सगळं मतदारांच्या सचोटीवर चाललं होतं. मला हे संतापजनक वाटतं. वर्षभर एका भूमिकेत राहिलेल्या माणसाचं काम न बघता त्याच्याविरुद्ध मत देणं हा त्याचा अपमान आहे.

पण उद्या हे सगळं सुधारलं, प्रत्येक मतदार डोळ्यांत तेल घालून प्रत्येक चित्रपट बघायला लागला, तरी त्याला दिसणार आहे तो शेवटचा कट. ऑस्करसाठी अभिनयाची नामांकनं अभिनेतेच ठरवतात, अंतिम मत सगळी अकादमी देते. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ज्युरी एकत्र बसून चित्रपट बघते. यांपैकी कुणीही रशेस बघत नाही, बघणं शक्यही नाही. त्यामुळे आमच्या नायिकेला नामांकन मिळालं ते तिनं न केलेल्या गोष्टीसाठी, आणि जी तिनं जीव ओतून केली तिच्याविषयी कुणी एक ओळसुद्धा लिहिली नाही. माणूस बरोबर निवडला गेला, कारण चुकलं. पुढे तो पुरस्कार तिला मिळालाही. मला मनापासून आनंद झाला आणि त्या आनंदात तो जुना हक्काचा काटा नव्हता.

मला बोलायचंय ते खरं तर दुसऱ्या नटीबद्दल. आईचं काम करणाऱ्या मावशींबद्दल.

त्यांच्या क्लोजअपचे टेक सुरू होते म्हणून आम्ही ते पुढे बघत राहिलो. पाचव्या टेकमध्ये "बरं" ऐकल्यावर त्या मान हलवतात, वळतात आणि टेबलावर काहीतरी शोधू लागतात. वर्तमानपत्र उचलून बघतात. पदराखाली बघतात. मग हात हळूहळू डोक्याकडे जातो आणि चष्मा सापडतो, केसांवरच ठेवलेला. तो डोळ्यांना न लावता त्या हातात धरून उभ्या राहतात. घर विकून आलेली बाई, आणि तिला चष्मा सापडलाय, पण आता बघायचं काय, ते कळत नाहीये. ३८ सेकंद. मी तीस एक चित्रपट कापलेत, माझ्या हाताखालून गेलेल्या उत्तम गोष्टी मला बोटांवर मोजता येतात आणि हा टेक त्यांतला आहे.

हा टेक चित्रपटात नाही. तो मी काढला.

निर्मात्यांनी किंवा वितरकांनी सांगितलं म्हणून नव्हे. दिग्दर्शकाला तो ठेवायचा होता, मीच त्याला पटवलं. सीन "बरं"वर संपला पाहिजे, त्यानंतर एक सेकंदही जास्त झाला तर मुलीचं दुःख आईकडे सरकतं आणि पुढच्या सीनला आपण मुलीबरोबर निघतो ते जमत नाही, असं माझं म्हणणं होतं. चित्रपटासाठी तो निर्णय बरोबर होता आणि आजही मी तोच घेईन. पण त्या कटनंतर मावशींच्या वाट्याला एकूण सहा मिनिटं उरली आणि त्या सहा मिनिटांत लक्षात राहावं असं जे होतं ते गेलं. सहायक अभिनेत्रीच्या एकाही यादीत त्यांचं नाव आलं नाही. सहा मिनिटं कमी पडतात असंही नाही. 'नेटवर्क'मधल्या जेमतेम पाच मिनिटांसाठी बिॲट्रिस स्ट्रेटला १९७७ साली सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालंय. तिची ती पाच मिनिटं कुणीतरी ठेवली होती.

ज्युरीवर अन्यायाचा आरोप करताना मी आजवर कधी स्वतःला त्यात धरलं नव्हतं. मतपत्रिका निघण्याच्या दोन वर्षं आधी, या बंद खोलीत, मी एक नाव काढून टाकलं होतं आणि ते कुणाला कळलंही नव्हतं.

चार वाजता आम्ही दोन क्लिप बनवल्या. पहिली मागितलेली, शांततेची. दुसरीत मावशींचा क्लोजअप होता आणि त्यावर नायिकेचा, न दिसणारीचा, तो फाटलेला "बरं". दुसरी पाठवून मी फोन केला आणि समजावून सांगायचा प्रयत्न केला. पलीकडच्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, नामांकन ज्यांना आहे त्यांचा चेहरा तर दिसायला हवा ना?" त्यांचं काही चुकत नव्हतं. पहिली क्लिप गेली.

मुलगा निघताना दारात थांबला. "ताई, हे नायिकेला माहीत आहे? आवाज कुठला ते?" मी म्हटलं, बहुधा नाही. "सांगा त्यांना," म्हणाला आणि गेला. मी दुसऱ्या दिवशी तिला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिनं एवढंच विचारलं की मावशींच्या त्या टेकचा उपयोग झाला का.

पण त्याआधी, त्याच रात्री, मी मावशींना फोन केला होता. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तब्येतीची विचारपूस झाली, नायिकेच्या नामांकनाबद्दल त्या भरभरून बोलल्या. मग मी सांगून टाकलं. म्हटलं, मावशी, तुमचा तो चष्म्याचा टेक मी काढला होता, आज पुन्हा पाहिला, आणि तो काढल्याचं तुम्हाला माझ्या तोंडून कळावं असं वाटलं.

"चष्म्याचा?" त्या म्हणाल्या. "कुठला गं?"

मी वर्णन केलं. वर्तमानपत्र, पदर, केस.

"अगं, ते होय!" त्या म्हणाल्या. "मला वाटलं कट झालंय. मी खरंच चष्मा शोधत होते."

फोन ठेवल्यावर मी घरी गेले नाही. पुन्हा टेक पाचवा लावला. आवाज पूर्ण वर केला आणि हेडफोन घातले. "बरं" येतो, त्या वळतात, शोधतात, चष्मा सापडतो, तो हातात धरून उभ्या राहतात. "कट" ऐकू येतं ते त्यानंतर. त्याआधी कुणीही काहीही बोललेलं नाही. शोधताना त्या एकदाही कॅमेऱ्याकडे पाठ करत नाहीत, आणि वर्तमानपत्र उचलताना त्यावरचा लाइट अडू नये म्हणून त्यांचा डावा खांदा अर्धा इंच मागे जातो. मी तो खांदा फ्रेम फ्रेम पुढे नेत कितीतरी वेळ बघत बसले.