घोघा, घोघला आणि भिशीचे वीस हजार

यंदा दिवाळीच्या तोंडावर माझी भिशी लागली. दहा जणी, महिन्याला दोन हजार. वीस हजार रुपये रबर लावून हातात आले, तेव्हा डोक्यात तीन गोष्टी होत्या: वॉशिंग मशीन, मुलीच्या दहावीच्या क्लासची उरलेली फी आणि समुद्र. फी दिवाळी बोनसमधून निघेल असं सरांनी आधीच कबूल केलं होतं. (गावात यांना सगळे सर म्हणतात, तर इथे मीही तेच म्हणते. घरात अर्थात ‘अहो’.) वॉशिंग मशीनचं काय, सतरा वर्षं हातांनी धुतेय, अजून एक वर्ष धुईन.

सर चाळीस टक्के अनुदानावरच्या शाळेत इतिहास शिकवतात. पगाराचे उरलेले साठ टक्के कधी येणार हा आमच्याकडे जेवताना काढायचा विषय नाही. त्यामुळे समुद्र म्हटल्यावर त्यांनी आधी वही काढली. गोवा लांब आणि महाग. कोकणात जायचं तर अमळनेरहून नाशिक, मुंबई करत अर्धी सुट्टी गाडीतच जाते. आपली रेल्वे सरळ सुरतला जाते आणि पुढे दीव आहे. दीव बेट आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “तठे काय शे? पानीच ना? पानी त आपली बोरीमा बी ऱ्हास.” बोरी नदीला पाणी किती महिने असतं हे अमळनेरकरांना मी सांगायला नको. पण त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. नेतो म्हटलं तर गुडघे दाखवले. मुलं धरणगावला माझ्या माहेरी गेली आणि सोबतीला नणंद येऊन राहिली.

कधी जायचं, यात सरांची हुशारी मान्य करावी लागेल. दिवाळीत अख्खा गुजरात दीवला लोटतो. गुजरातेत दारूबंदी, दीवला नाही, हे त्याचं एक कारण आणि जवळचा समुद्र हे दुसरं. पण लाभपाचमेला गुजराती माणूस दुकानाची पूजा करून शटर उघडतो, म्हणजे तोवर घरी परततोच. आपल्या शाळांची सुट्टी मात्र तेव्हा काही दिवस शिल्लक होती. आम्ही लाभपाचमेच्या दुसऱ्या दिवशी रात्रीची गाडी धरली. दिवाळीत तीन हजारांना जाणारी खोली आम्हाला नऊशेला मिळाली.

हुशारी इथे संपते.

सरांना मोबाइलवर दिसलं की सुरतजवळच्या हजिऱ्याहून घोघ्याला बोट जाते. दीवच्या नकाशात त्यांनी ‘घोघला’ वाचलं होतं. घोघला म्हणजेच घोघा, असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि बोटीची तिकिटं काढली. बोट मोठी होती, खाली ट्रक आणि गाड्या, वर बसायला खुर्च्या. मी चार तास रेलिंगला धरून उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होते आणि तोही मधोमध जाऊन. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, कुठे निघालात? सर म्हणाले, दीवला, घोघ्याला उतरलं की आलंच. काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, घोघा भावनगरचं बंदर. दीव तिथून आणखी पाच तास.

सरांनी वही उघडली आणि बंद केली. मी काही बोलले नाही. तोंडात दशमी होती.

मग भावनगर, तिथून एसटीसारखीच लाल डबा नसलेली पण तशीच खडखडणारी बस, तळाजा, महुवा, राजुला, उना. उन्याहून रिक्षा. अंधार पडल्यावर एक वस्ती लागली, रिक्षावाला म्हणाला, “घोघला.” मी सरांकडे पाहिलं. ते बाहेर बघत होते. घोघला खाडीच्या अलीकडे, जमिनीवरच आहे. पूल ओलांडला की बेट.

घरमालकीण बेन साठीच्या. वर दोन खोल्या भाड्याने द्यायच्या, खाली स्वतः राहायच्या. त्यांचं गुजराती आणि माझं अहिराणी यांत फार अंतर नव्हतं. त्या ‘छे’ म्हणायच्या, आम्ही ‘शे’. पहिल्या सकाळी मी साडेपाचला उठले, खोली झाडली, चादरी घडी केल्या आणि मग करायला काहीच उरलं नाही. खाली बेन तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी जाऊन बसले आणि अर्धी टोपली सोलून दिली. सर वरून ओरडले, “अगं, आपण फिरायला आलोय ना?”

स्कूटर भाड्याने घेतली, दिवसाला चारशे. पहिला मुक्काम नागवा बीच. घोड्याच्या नालेसारखा वळलेला किनारा आणि मागे ताडासारखी झाडं, पण त्यांना फांद्या. ताडाला फांद्या मी तरी पाहिल्या नव्हत्या. एक खोड वर जाऊन दोन होतं, दोनाचे चार. तिथे त्याला होका म्हणतात. त्याच्या सावलीत चटई टाकली. मी पंजाबी ड्रेस वर खोचून पाण्यात गेले आणि घोट्याच्या पुढे जायची हिंमत होईना. लाट परत जाते तेव्हा टाचेखालची वाळू ओढून नेते. आधी टाच बुडते, मग आपण किंचित मागे कलतो, आणि वाटतं की आपणच सरकतोय. मी किती वेळ तेवढंच करत होते देव जाणे. वळून पाहिलं तर सर पँट दुमडून, वही उशाला घेऊन झोपले होते. दुपारी एक वाजता, उघड्यावर, तोंड उघडं टाकून. यांना घरात दिवसा झोपलेलं मी फक्त टायफॉइडमध्ये पाहिलंय.

मग आमचा क्रमच झाला. सकाळी नागवा नाहीतर जालंधर बीच, दुपारी जेवून खोलीत, उन्हं उतरली की एखादं ठिकाण. एका दिवशी एकच. नायडाच्या गुहा, उन्हाचे कवडसे वगैरे, छान. फुदमचा गंगेश्वर मला जास्त आवडला. खडकाच्या कपारीत पाच पिंडी आणि लाट येऊन स्वतःच अभिषेक करून जाते. सर बसून मोजत होते, कुठली लाट पाचही पिंडींपर्यंत पोचते. दर पाच-सात लाटांत एक पोचायची.

किल्ल्यात मात्र इतिहासाचा तास झाला. टाळता येण्यासारखा नव्हता, आणि खरं सांगू, चांगला झाला. हुमायून मागे लागला म्हणून गुजरातच्या बहादूरशाहाने पोर्तुगीजांची मदत मागितली आणि १५३५ मध्ये त्यांना इथे किल्ला बांधू दिला. दोन वर्षांत त्यांच्याशीच बिनसलं आणि १५३७ मध्ये तो इथेच समुद्रात मेला. त्याला मुलगा नव्हता. मग गादीवर कोणाला बसवायचं ठरलं? मीरन मुहम्मद फारुकी. आपल्या खानदेशचा सुलतान, बहादूरशाहाचा भाचा. “आपला माणूस गुजरातचा सुलतान झाला असता,” सर तोफेवर हात ठेवून म्हणाले, “पण गादीकडे निघाला आणि वाटेतच वारला.” मी म्हटलं, “घोघ्यावरून निघाला असेल.” त्यावर मात्र ते खूप हसले. बोटीवरच्या काकांनंतर पहिल्यांदा.

पोर्तुगीज तिथून गेले १९६१ च्या डिसेंबरात. सव्वाचारशे वर्षं. खुकरीच्या स्मारकापाशी सरांनी तास घेतला नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. समोर नुसतं पाणी. वारा इतका की ओढणी धरून बसावं लागत होतं. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथे होतो.

आता वांग्याची गोष्ट. ही घरी सांगू नये. सासूबाई ब्लॉग वाचत नाहीत म्हणून लिहिते. आमच्याकडे चंपाषष्ठीपर्यंत वांगं बंद. पण निघायच्या दिवशी बाजारात बामणोदची हिरवी लांब वांगी आली होती आणि मी दोन किलो पिशवीत टाकली. बेनना म्हटलं, तुमच्या गॅसवर भाजू का? त्या म्हणाल्या, ओळो? त्यांच्याकडे भरताला ओळो म्हणतात आणि त्यात टोमॅटो घालतात. मी टोमॅटो बाजूला ठेवला. खरं भरीत पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजायचं, लाकडी बडगीत ठेचायचं. इथे ना पऱ्हाटी ना बडगी. गॅसवर भाजली, साल काढली, आणि पितळी तांब्याच्या बुडाने पातेल्यात ठेचली. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे. धुराचा वास नव्हता, त्यामुळे मी दहापैकी सहा मार्क दिले. बेननी तीनदा घेतलं, डोळ्यांतून पाणी काढत. सरांनी वहीत लिहिलं: वांगी, ८० रु.

परतताना दीव-सुरत स्लीपर बस घेतली. बेट सोडल्यावर नाक्यावर पोलीस बसमध्ये चढले. पिशव्या बघायला लागले, बाटल्या शोधत. माझ्या पिशवीत बाटली होती. एक लिटरची, जालंधरच्या पाण्याने भरलेली, सासूबाईंसाठी. पोलिसाने झाकण उघडून वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं, परत वास घेतला. मी म्हटलं, “दरियानुं पानी छे. सासू के लिए.” मागच्या सीटवरून कोणीतरी खो खो हसलं. पोलिसाने झाकण घट्ट लावून बाटली दोन्ही हातांनी परत दिली.

सुरतहून दिवसाची गाडी मिळाली. नवापूरला, जिथे स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे, सरांनी चहा घेतला आणि बेरीज केली: बारा हजार नऊशे चाळीस. सात हजार साठ उरले. त्यात वॉशिंग मशीन येत नाही, मी चौकशी केली आहे.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली. पाणी साधंच दिसत होतं, तळाशी चिमूटभर वाळू. त्यांनी तळहातावर थोडं ओतलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

“खरंच खारं शे व माय.”

मग बाटली देवघरात गंगेच्या गडूशेजारी नेऊन ठेवली आणि मला बजावलं, तुळशीला चुकूनही घालायचं नाही.