स्पॅनिश उदारमतवादी नाणी: सातवा महिना, आठ आली, एक डुप्लिकेट निघालं

तर मंडळी, बरेच दिवस अपडेट टाकलं नाही कारण मधे दोन महिने खिसा रिकामा आणि एक महिना डोकं गरम, ते का ते पुढे सांगतोच. नव्याने आलेल्यांसाठी एका ओळीत: मी 19 व्या शतकातल्या स्पेनची 12 नाणी जमवतोय, आणि निवडायची अट एकच, नाण्यावरचा लेख वाचून त्या वर्षी माद्रिदमध्ये उदारमतवादी (राजाला राज्यघटनेने बांधू पाहणारे) वर होते की खाली हे कळलं पाहिजे. राजाचा चेहरा, किंमत, धातू नंतर, आधी लेख.

हे खूळ डोक्यात आलं ते एका शब्दामुळे. शब्द पण धड नाही, अर्धाच, 'कॉन्स्ट'. कॉन्स्टितुसिओन म्हणजे राज्यघटना, तिचं छोटं रूप. स्पेनचा राजा सातवा फर्नांदो, त्याच्या जुन्या नाण्यांवर लॅटिनमध्ये 'देई ग्रातिआ' असतं, देवाच्या कृपेने राजा, विषय संपला. 1812 ला कादिझ शहरात राज्यघटना तयार झाली (19 मार्चला, सेंट जोसेफचा दिवस म्हणून लोक तिला लाडाने ला पेपा म्हणायचे), 1814 ला फ्रान्समधून सुटून आल्या आल्या या बाबाने ती रद्द केली. मग 1 जानेवारी 1820 ला अमेरिकेत लढायला पाठवायच्या फौजेतला राफाएल देल रिएगो हा अधिकारी काबेसास दे सान हुआन या गावात उठला आणि म्हणाला घटना परत आणा, आणि मार्चमध्ये राजाने मुकाट्याने तिची शपथ घेतली. आता टाकसाळीत काय झालं बघा, लॅटिन गेलं, सरळ स्पॅनिश आलं, 'फर्नांदो 7 वा, देवाच्या कृपेने आणि कॉन्स्ट', म्हणजे देव आणि घटना एकाच ओळीत, शेजारी शेजारी. तीन वर्षं. 1823 ला राजाच्या मदतीला फ्रान्सची फौज आली, त्याच नोव्हेंबरात रिएगोला माद्रिदच्या प्लासा दे ला सेबादामध्ये फाशी दिलं, आणि नाण्यांवर परत 'देई ग्रातिआ'. टाकसाळीतल्या छाप कोरणाऱ्याची काय चैन असेल, दर तीन वर्षांनी सरकार बदललं की नवीन अक्षरं!

या तीन वर्षांतलं मला 1821 चं 10 रिआल मिळालंय, सध्या संग्रहातलं सगळ्यात लाडकं. यावर मागे मोठ्या अक्षरात 'रेसेल्यादो' आहे, म्हणजे पुन्हा छापलेलं. देशात फिरणारी फ्रेंच चांदीची नाणी गोळा करून त्यांच्यावरच नवा छाप मारला होता. मी तिरप्या उजेडात भिंगाखाली अर्धा तास खालचं फ्रेंच अक्षर शोधत बसलो, राजाच्या मानेमागे काहीतरी आहे असं वाटतं, बायको म्हणाली ओरखडा आहे. असेल.

फर्नांदोची मुलगी इसाबेल दुसरी, तिची दोन आहेत. 1835 च्या चांदीच्या 4 रिआलवर फक्त देव. तेव्हा ती पाच वर्षांची, कारभार आई मारिया क्रिस्तिनाकडे, काका डॉन कार्लोस सिंहासनासाठी लढतोय, आणि बाईंना उदारमतवाद्यांची गरज होती पण घटना नको होती. ऑगस्ट 1836 ला ला ग्रांखाच्या राजवाड्यात पहाऱ्यावरच्या सार्जंटांनीच बंड केलं आणि बाईंकडून 1812 ची घटना मान्य करून घेतली, पुढच्या वर्षी नवी घटना आली. सेगोवियाच्या टाकसाळीतलं 8 मारावेदीचं तांब्याचं जे आहे माझ्याकडे, 1840 नंतरचं, त्यावर 'आणि कॉन्स्ट' हजर. टाकसाळीची खूण म्हणून सेगोवियाचा रोमन जलसेतू, दोन मजली कमानी, सगळं मिळून तांदळाच्या दाण्याएवढं. या दोन नाण्यांच्या मधल्या काळात मेंदिसाबाल हा पंतप्रधान होता, ज्याने मठांच्या जमिनी जप्त करून लिलावात काढल्या, कर्ज फेडायला आणि कार्लोसविरुद्धच्या युद्धाला पैसा हवा म्हणून. त्याच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं, पण त्याचं नाणं नाही ना.

आता डोकं गरम झालेलं प्रकरण. सप्टेंबर 1868 ला कादिझहून प्रिम आणि सेरानो हे जनरल आणि नौदलाचा तोपेते राणीविरुद्ध उठले, इसाबेल फ्रान्सला पळाली, आणि हंगामी सरकारचा अर्थमंत्री लाउरेआनो फिगेरोला याने 19 ऑक्टोबरला पेसेता हे राष्ट्रीय चलन केलं. राणीचा चेहरा काढला, जागी हिस्पानिया, पिरेनीज डोंगराला टेकून रेललेली बाई, हातात ऑलिव्हची डहाळी. 1869 च्या एक पेसेतावर नाव काय तर 'गोबिएर्नो प्रोविसिओनाल', हंगामी सरकार! नाण्यावर कोणी स्वतःला हंगामी म्हणवून घेतं का? मला हे फार आवडतं, प्रामाणिकपणा आहे यात. ते मिळालं, बरंच घासलेलं, पण बाई दिसते.

पुढचा राजा इटलीहून आणलेला आमादेओ. त्याला आणणारा प्रिम 27 डिसेंबर 1870 ला माद्रिदच्या रस्त्यात गोळ्या लागून पडला आणि 30 ला गेला, त्याच दिवशी राजा कार्ताखेनाला जहाजातून उतरला. त्याच्या 5 पेसेतांवर लेख एवढाच, 'आमादेओ पहिला, स्पेनचा राजा'. देव नाही, घटना नाही. म्हणून ते मला हवंच होतं. एका प्रदर्शनात मिळालं, पोर्तुगीज इंडियाच्या रुपयांच्या ट्रेमध्ये पडलेलं (आपल्याकडे स्पॅनिश नाण्याची जागा हीच), भाव केला, खुशीत घरी आलो, काट्यावर ठेवलं तर 21.6 ग्रॅम. आणि गंमत म्हणजे नाणं स्वतःच सांगतं की ते खोटं आहे! मागच्या बाजूला छापलंय 'किलोग्रॅममध्ये 40 नग'. चाळीसचा एक किलो म्हणजे एक 25 ग्रॅमचं, एवढी झीज चेहरा चकचकीत ठेवून कशी होईल? मग कड बघितली. खऱ्याच्या कडेवर 'हुस्तिसिया इ लिबेर्ताद', न्याय आणि स्वातंत्र्य, खोदलेलं असतं. माझ्या कडेवर नुसत्या उभ्या रेघा. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे साहेब मला पण कोणीतरी दिलंय. ते आता टेबलावर पेपरवेट आहे.

खरं गेल्या महिन्यात आलं, 24.8 ग्रॅम, दिव्याखाली कड फिरवत अक्षर अक्षर वाचली. तारीख मोठी 1871, पण दोन्ही बाजूंच्या बारक्या चांदण्यांमध्ये खरं वर्ष असतं, एकीत 18 आणि दुसरीत 74. आमादेओ तर फेब्रुवारी 1873 लाच कंटाळून राज्य सोडून गेला होता! मधे प्रजासत्ताक झालं, फिगेरास, पी इ मार्गाल, साल्मेरोन, कास्तेलार, अकरा महिन्यांत चार अध्यक्ष, 3 जानेवारी 1874 ला जनरल पाविआने संसद रिकामी केली, आणि टाकसाळ आपली गेलेल्या राजाचं तोंड छापतेच आहे. नवीन छाप करायला सवड कोणाला होती.

1870 चं 10 सेंतिमो पण आहे, ब्राँझचं, त्यावर ढाल धरून उभा सिंह, पण लोकांना तो कुत्रा वाटला म्हणून नाव पडलं पेरा गोर्दा, जाडी कुत्री. हे नाणं मी मावशीकडे विसरलो आणि तिने देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून लखलखीत करून दिलं, वर म्हणाली किती काळं पडलं होतं रे. शंभर वर्षांचा रंग गेला. तिला काय बोलणार, चहा प्यायलो आणि घेऊन आलो. वजन मात्र 9.7 भरलं, त्यावर पण 'दहा ग्रॅम' छापलेलंच आहे.

आठवं अल्फोन्सो बाराव्याचं 1878 चं 5 पेसेता, 'देवाच्या कृपेने' पुढे आणि मागे 'रेइ कॉन्स्ट', म्हणजे दोघं परत आले पण आता एका बाजूला एक. कानोवास आणि सागास्ता हे दोन पक्षांचे नेते आलटून पालटून सरकार चालवायचे, त्या काळाला शोभेल अशीच वाटणी.

खोटं सोडून राहिली पाच. सगळ्यात अवघड कार्ताखेनाचं 1873 चं, वेढ्यात अडकलेल्या बंडखोर शहराने स्वतः पाडलेलं 5 पेसेता, त्याच्या नकला इतक्या की पेपरवेटला जोडी मिळायची भीती आहे. तोपर्यंत पॉइंट झिरो वन ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा मागवलाय, शनिवारी येतोय, आठही परत मोजून आकडे टाकतो.