मधल्या वेळेचं पाणी: पुराची वही ट्रीमॅपमध्ये उतरवताना

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशकात पहिला प्रश्न एकच: किती क्युसेक? पाणी कुठवर आलं, याचं उत्तर गोदावरीकाठच्या रामकुंडाजवळची दुतोंड्या मारुतीची मूर्ती देते. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. ही मापं नाशिककराला समजावून सांगावी लागत नाहीत. माझ्या मामांचं दुकान भांडी बाजारात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे दर पावसाळ्यात ते एक वही ठेवतात. डावीकडे तारीख-वेळ, मध्ये धरणाचा विसर्ग, उजवीकडे मारुतीला पाणी कुठवर लागलं ते. विसर्ग बदलल्याचा निरोप आला की एक ओळ वाढते.

ही वही मी जावा या प्रोग्रामिंग भाषेत उतरवली. मी अंबडला एका कंपनीत जावावरच काम करते, म्हणजे मॅप, कीवरून (ओळखीवरून) व्हॅल्यू (मूल्य) शोधून देणारी रचना, हा माझ्या रोजच्या वापरातला. तरी या कामाने मॅपकडे बघण्याची माझी रीत बदलली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बहुतेकांना मॅप शिकवला जातो तो असा: की द्या, व्हॅल्यू घ्या. रोल नंबर द्या, नाव मिळेल. हॅशमॅप या कामात पटाईत आहे. तो कीपासून एक आकडा, म्हणजे हॅशकोड, काढतो, त्यावरून खण ठरवतो आणि थेट त्या खणात जाऊन बघतो. नोंदी शंभर असोत की लाख, एका शोधाला साधारण तेवढाच वेळ. पण मामांचा प्रश्न वेगळाच होता. "तीन वीसला दुकानाच्या पायरीला पाणी लागलं. तेव्हा धरणातून किती सुटत होतं?"

वहीत तीन वीसची ओळच नव्हती. समजा नोंदी अशा आहेत (आकडे उदाहरणापुरते): आदल्या रात्री नऊला १,०००, दुपारी बाराला ३,०००, दोनला ६,०००, पाचला ४,०००. हॅशमॅपला तीन वीस विचारलं तर तो नल, म्हणजे "काही नाही", देणार. त्याच्या दृष्टीने तीन वीस आणि दोन यांचं काही नातंच नाही, प्रत्येक की आपापल्या खणात एकटी. मामांना मात्र उत्तर डोळ्यांसमोर दिसत होतं. "अगं, मागची नोंद बघ ना. दरवाजे हलवले नाहीत तोवर तेवढंच पाणी चालू असणार." उत्तर ६,०००. संगणकशास्त्राचा एकही तास न बसता त्यांनी फ्लोअर या क्रियेची व्याख्या सांगितली: विचारलेल्या कीइतकी किंवा तिच्या आधीची सर्वांत जवळची की.

इथे क्रम लागतो. यादी सुबक दिसावी एवढ्यासाठी त्याची गरज नसते. जी की मॅपमध्ये नाही तिच्याबद्दल प्रश्न विचारता यावा, यासाठी तो लागतो. कुठला मॅप घ्यायचा हे ठरवताना आता मी आधी हेच बघते: विचारली जाणारी की नेमकी सापडणार आहे का, की आसपासची चालणार आहे?

क्रमाचेही दोन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. लिंक्डहॅशमॅप टाकल्याचा क्रम जपतो. जावात तो १.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००२ पासून आहे. ट्रीमॅप कीच्या मोठेपणाचा क्रम लावतो, तो त्याहून जुना, १.२ पासूनचा. मामांची वही भरते तशी काळाच्या क्रमात नसते. एखादा निरोप उशिरा कळतो, मग ती ओळ चार ओळी खाली येते. कधी समासात, कधी मागच्या पानावर. म्हणून मी दोन्ही मॅप वापरले. वहीतून टंकताना नोंदी लिंक्डहॅशमॅपमध्ये गेल्या, कारण नंतर मामांना शेजारी बसवून पान आणि पडदा ओळीला ओळ ताडून बघायचं होतं. तिथे वहीचाच क्रम हवा. ताडून झाल्यावर पुटऑलने सगळ्या नोंदी ट्रीमॅपमध्ये ओतल्या. एकाच वहीचे दोन क्रम, दोन्ही खरे, दोन्हींचं काम वेगळं. लिंक्डहॅशमॅपचा आणखी एक गुण इथे उपयोगी पडला: त्याच कीला नवी व्हॅल्यू दिली तरी तिची मूळ जागा हलत नाही, त्यामुळे दुरुस्त्या केल्यावरही पान जुळत राहिलं.

कीचा टाइप निवडताना घाई करू नये. वेळ मजकूर म्हणून ठेवली तर "१०:१५" ही "९:३०" च्या आधी लागते, कारण मजकुराची तुलना अक्षराला अक्षर होते आणि १ हा ९ पेक्षा लहान. मी तारीख-वेळ ठेवणारा लोकलडेटटाइम घेतला. २०१४ च्या जावा ८ बरोबर तो आला. त्याला आपली तुलना स्वतः करता येते आणि एकदा तयार झाला की तो बदलत नाही. हा दुसरा गुण फार महत्त्वाचा. ट्रीमॅपमध्ये बसलेली की आतून बदलली तर ती चुकीच्या जागी अडकते. पुढचा शोध तिला ओलांडून जातो आणि कुठलीच सूचना येत नाही.

ट्रीमॅपच्या पोटात लाल-काळं झाड आहे. त्याचं मूळ रूप रुडॉल्फ बायर यांनी १९७२ मध्ये मांडलं, आणि लाल-काळ्या रंगांची मांडणी लिओ गिबास व रॉबर्ट सेजविक यांनी १९७८ मध्ये दिली. प्रत्येक गाठीच्या डावीकडे लहान, उजवीकडे मोठं. आणि नोंदी कुठल्याही क्रमाने आल्या तरी झाड एका अंगाला लांबत जाऊ नये म्हणून रंगांचे नियम. पूर्ण समतोल झाडात लाख नोंदींमधून शोध घ्यायला सतरा पायऱ्या पुरतात. लाल-काळ्या झाडात फार तर त्याच्या दुप्पट. वहीला हे पुरून उरतं. तीन वीसचा शोध झाडातून खाली उतरताना "ही मोठी, डावीकडे चल; ही लहान, लक्षात ठेव आणि उजवीकडे चल" असं करत जातो. खाली पोचल्यावर शेवटची लक्षात ठेवलेली नोंद तेच उत्तर. ट्रीमॅपमध्ये या फ्लोअरच्या क्रियेचं नाव फ्लोअरएंट्री; तिची भावंडंही ओळखून ठेवावीत: सीलिंगएंट्री तेवढीच किंवा पुढची नोंद देते, लोअरएंट्री नक्की आधीची, हायरएंट्री नक्की नंतरची. ही चौघं जावा ६ मध्ये नॅव्हिगेबलमॅप या इंटरफेसबरोबर, म्हणजे मॅपने कुठल्या क्रिया द्यायच्या या कराराबरोबर, आली.

मग मामांनी दुसरा प्रश्न काढला, आणि मला सगळ्यांत जास्त आनंद त्याने दिला. "त्या दिवशी एकूण पाणी किती गेलं?" नाशकात धरणाची भाषा दलघफूची, म्हणजे दशलक्ष घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, तेव्हा हिशेब सरळ: विसर्ग गुणिले सेकंद. एका टीएमसीला, म्हणजे हजार दलघफूला, ११,५७४ क्युसेकने चोवीस तास लागतात.

दिवसाचा तुकडा काढायला सबमॅप आहे. सुरुवातीची की धरून, शेवटची वगळून. दिवस काढायला हे अगदी सोयीचं: आज मध्यरात्रीपासून उद्या मध्यरात्रीपर्यंत, उद्याची मध्यरात्र आजच्यात येत नाही. पण नुसत्या सबमॅपवर हिशेब केला तर वरच्या उदाहरणात पहिली नोंद दुपारी बाराची मिळते. बारा ते दोन ३,०००, दोन ते पाच ६,०००, पाच ते मध्यरात्र ४,०००; तासांनी गुणून बेरीज ५२,०००, त्याला ३,६०० ने गुणलं की १८७.२ दलघफू. मग मध्यरात्रीपासून बारापर्यंत नदी कोरडी होती का? नाही. आदल्या रात्री नऊला ठरलेले १,००० क्युसेक चालूच होते. ते पाणी आदल्या दिवशीच्या नोंदीत आहे आणि आजच्या तुकड्यात दिसत नाही. म्हणून तुकड्याआधी मध्यरात्रीची फ्लोअरएंट्री घ्यायची आणि तिथून सुरुवात करायची. बारा तासांचे ४३.२ दलघफू वाढतात, एकूण २३०.४. बँकेतलं व्याज असो, विजेचा दर असो की भाड्याचा करार, जिथे एखादं मूल्य पुढच्या बदलापर्यंत टिकतं, तिथे तुकड्याच्या डाव्या काठावर ही जागा तपासावी.

सबमॅप म्हणजे वेगळी प्रत नव्हे. ती मूळ मॅपवरची खिडकी आहे. तिच्यातून नोंद पुसली तर मूळातूनही जाते, आणि खिडकीबाहेरची की टाकू पाहिली तर इललीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन येतं. फक्त वाचायचं असेल तर खिडकी उत्तम. दुसऱ्याच्या हाती द्यायची असेल तर त्यावरून नवा ट्रीमॅप बांधून द्यावा.

ठिकाणांच्या नावांचाही एक मॅप होता, पावसाच्या नोंदींसाठी. गंगापूर, कश्यपी, गौतमी गोदावरी, आळंदी, त्र्यंबकेश्वर, अंबोली, शिवाय दिंडोरीकडची आशेवाडी. ट्रीमॅपने आळंदी आधी लावली, आशेवाडी नंतर. मामांना ते लगेच खटकलं, आणि त्यांचं बरोबर होतं. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र तो ल ला लागून, व च्या आधी बसवला आहे, आणि जावाची साधी मजकूर-तुलना तेच आकडे बघते. म्हणून वर्णमालेचा क्रम सांगणारा कंपॅरेटर लिहून तो ट्रीमॅपला बांधतानाच दिला. मराठीत नावांची यादी लावणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं. शाळेच्या हजेरीपटापासून मतदार यादीपर्यंत आपला क्रम आपल्याला मिळायला हवा.

कंपॅरेटर लिहिताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. ट्रीमॅप दोन कीज एकच आहेत का हे इक्वल्सला, म्हणजे जावाच्या समानता तपासणाऱ्या क्रियेला, विचारत नाही. तुलनेचं उत्तर शून्य आलं की त्याच्यासाठी त्या एकच. कंपॅरेटर पहिल्या अक्षरावरच थांबला तर आळंदी आणि आशेवाडी एक होतील, नंतरची व्हॅल्यू आधीच्या व्हॅल्यूवर बसेल आणि यादीतून एक गाव गुपचूप गळेल. जावातच याचं उदाहरण आहे: दशांश आकडे नेमके ठेवणाऱ्या बिगडेसिमलमध्ये २.० आणि २.०० इक्वल्सला वेगळे, तुलनेला सारखे. हॅशमॅपमध्ये त्यांच्या दोन नोंदी होतात, ट्रीमॅपमध्ये एक.

आता रचनेबद्दल. मॅप उघडा ठेवला नाही. विसर्गवही नावाचा क्लास केला, मॅप त्याच्या आत खाजगी, आणि बाहेर मामांच्या प्रश्नांच्याच मेथड, म्हणजे बोलावता येणाऱ्या क्रिया: त्यावेळचा विसर्ग, दिवसाचं पाणी, पुढचा बदल. आतला व्हेरिएबल नॅव्हिगेबलमॅप या टाइपचा. त्यामुळे कुणी चुकून तिथे हॅशमॅप लावायला गेलं तर कोड तपासून भाषांतर करणारा कंपायलरच अडवतो. पायथॉनमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीशी यावर बरंच बोलणं झालं. तिच्याकडे ३.७ पासून डिक्शनरी, म्हणजे तिथला मॅप, टाकल्याचा क्रम जपते, भाषाच तशी हमी देते. पण कीच्या मोठेपणाने लावलेला मॅप तिथल्या स्टँडर्ड लायब्ररीत नाही. क्रमवार यादी आणि तिच्यात अर्ध्या-अर्ध्याने शोधणारं बायसेक्ट वापरून फ्लोअर काढावा लागतो. सी प्लस प्लसमध्ये उलट, साधा मॅपच क्रमवार, आणि बिनक्रमाचा २०११ च्या मानकात आला.

सगळ्यात जास्त विचार मात्र रात्रीच्या पोकळीने करायला लावला. मामा अकराला झोपतात. सकाळी सहाचा विसर्ग विचारला तर फ्लोअरएंट्री निमूटपणे रात्री अकराचा आकडा देते. तिच्या व्याख्येत ते अचूकच आहे. पण पुराच्या दिवसात सात तासांत धरणाचे दरवाजे अनेकदा हलू शकतात, आणि धरणाच्या खाली नदीला मिळणारं पावसाचं पाणी तर या नोंदीत येतच नाही. म्हणून मेथड नुसता आकडा परत देत नाही. आकड्यासोबत नोंदीची वेळ देते, आणि ती तीन तासांपेक्षा जुनी असेल तर तसं स्पष्ट लिहिते. पहिल्या नोंदीच्या आधीची वेळ विचारली तर फ्लोअरएंट्री नल देते. तिथे शून्य दाखवायचं नाही, "नोंद नाही" असंच दाखवायचं. शून्य क्युसेक म्हणजे दरवाजे बंद. माहिती नसणं ही निराळी गोष्ट, आणि नदीकाठच्या दुकानदाराला या दोन्हींतला फरक कळलाच पाहिजे.

आता मामेभाऊही आपल्या फोनवरून नोंदी टाकतो, म्हणजे दोन हात एकाच वेळी लिहू शकतात. ट्रीमॅप त्यासाठी सुरक्षित नाही. त्याच्या जागी एकाच वेळी अनेकांनी लिहिलेलं सांभाळणारा कॉन्करंटस्किपलिस्टमॅप लावला; तोही नॅव्हिगेबलमॅपच, म्हणून बदल एका ओळीचा झाला आणि फ्लोअरएंट्री-सबमॅपचं सगळं काम होतं तसंच चालू राहिलं. एकाच वेळेची नोंद दोघांनी टाकली तर पहिली राहावी यासाठी पुटऐवजी, की आधी नसेल तरच नोंद टाकणारं पुटइफअ‍ॅब्सेंट घेतलं; दुसऱ्याची नोंद वेगळ्या यादीत जाते आणि दोन आकड्यांतला खरा कुठला, हे मामा निरोप पुन्हा बघून ठरवतात.