तुम्ही विचारलंत म्हणून: झाडं का तोडता?

"झाडांवर एवढं प्रेम, मग फोटोत ओंडक्यांची रास कशी?" रत्नागिरीहून फोनवर, पुण्यात लग्नाच्या पंगतीत, अगदी डब्लिनच्या गणपतीतही हा प्रश्न मला विचारला गेलाय. दर वेळी मी विषय बदलला. आज बदलत नाही.

आयर्लंड हिरवंगार दिसतं ते गवतामुळे. शंभर वर्षांपूर्वी इथे जेमतेम एक-दीड टक्का जमिनीवर जंगल उरलं होतं. आज साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे, पण त्यातलं जवळजवळ निम्मं सिट्का स्प्रूस. मूळचं अलास्काकडचं झाड. ओळीत लावायचं आणि पस्तीस-चाळीस वर्षांनी सरसकट कापायचं. आम्ही तसं करत नाही. आमच्या रानात विरळणी होते. काही वर्षांनी निवडून थोडी झाडं काढली की खाली उजेड पोचतो, हेझल, होलीसारखी झुडपं आपसूक वर येतात. या तोडीबद्दल मी कुणापुढेही मान खाली घालणार नाही.

पण फोटोतले ओंडके त्यातले नाहीत. ते अ‍ॅश नावाच्या झाडाचे.

सासऱ्यांनी १९९६ साली चार एकर कुरणात अ‍ॅश लावला. हर्लिंग या इथल्या चेंडूच्या खेळातल्या काठ्या याच लाकडाच्या. बुंधा मुळाकडे वळतो तिथले तंतूही वळलेले असतात, म्हणून काठी फटका सोसते. पंचवीस-तीस वर्षांत झाड तयार होतं. २०१२च्या ऑक्टोबरात अ‍ॅशचा मर रोग देशात पहिल्यांदा सापडला, तो आमच्याच लीट्रिम परगण्यात, युरोपातून आणलेल्या रोपांवर. पुढे आमच्याही झाडांचे शेंडे वाळू लागले, सालीवर शंकरपाळ्यासारखे डाग उमटले. ही बुरशी गळलेल्या पानांच्या देठांवर वाढते आणि उन्हाळ्यात वाऱ्यावर पसरते. फवारणार तरी कशावर? शिवाय रोगट लाकूड ठिसूळ होतं, फांदी अचानक कोसळते.

फेब्रुवारी २०२१. यंत्रवाल्याने विचारलं, फक्त रस्त्याकडची काढू की सगळीच? परवान्यावर सही माझी होती. मी म्हटलं, सगळीच. दुपारी यंत्र ओढ्याजवळच्या तीन झाडांपाशी पोचलं. मागच्या ऑगस्टात त्यांचे शेंडे भरगच्च होते, मी स्वतः पाहिले होते. मोजकी अ‍ॅश झाडं जात्याच या रोगाला पुरून उरतात आणि पुढची सगळी आशा त्यांच्या बियांवर आहे, हेही मला ठाऊक होतं. तरी मी 'थांबा' म्हटलं नाही. यंत्र पुन्हा बोलावण्याचा खर्च डोक्यात होता. कापलेलं खोड आतून पांढरंशुभ्र निघालं, एक डाग नाही. सासरे वाकून त्यावर हात ठेवून उभे राहिले. ते तेव्हा काही बोलले नाहीत. आजही त्याबद्दल बोलत नाहीत.

संगमेश्वरकडच्या आमच्या देवराईतून वाळकी काटकीही उचलायची नाही, हे आजीने शिकवलेलं. ते मनात घेऊन इथे आलेली मी विरळणीच्या नावानेही भांडायचे. चुकत होते. लावलेलं रान म्हणजे देवराई नव्हे, हात लावला नाही तर ते अंधारात गुदमरतं. पण त्या दुपारी तीच मुलगी ओढ्याकाठी असती, तर यंत्रापुढे उभी राहिली असती. कदाचित ती झाडं दोन वर्षांत वाळलीही असती. असं मी स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी नाही.

तिथे आता ओक आणि बर्च लावलेत. त्या तीन अ‍ॅशपैकी एकाच्या खुंटाला फुटवे आलेत. दर रविवारी मी त्यांची साल तपासून येते.