दीडशे फूट

पावसाळ्यात कोल्हापुरात दोनच प्रश्न चालतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, आणि कुठला रस्ता बंद. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. गेल्या जुलैतल्या त्या शनिवारी पाणी 36 फुटांवर होतं आणि आमच्या थिएटरात साडेतीनच्या शोला ऐंशीएक माणसं होती. असल्या पावसात ऐंशी म्हणजे मॅनेजर स्वतःच्या पैशानं चहा सांगतात.

मी ऑपरेटर. 1991 पासून केबिनमध्ये आहे. कार्बनच्या दिव्याच्या मशीनवर शिकलो, मग झेनॉनचा दिवा आला, आता डिजिटल. पूर्वी वीस मिनिटांनी रीळ संपायचं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची आणि दुसरा ठिपका दिसला की चित्र इकडून तिकडं टाकायचं. दोन ठिपक्यांमध्ये सात-आठ सेकंद. तेवढ्यात शिंक आली तरी वांधा. आता सकाळी सर्व्हरवर यादी लावली की झालं, दिवसभर काचेतून पडदा बघत बसायचं. मशीन बदललं, पण एक गोष्ट तशीच राहिली. काचेमागं पंख्यांची घरघर एवढी असते की खाली लोक हसले काय, बोंबलले काय, वर काही ऐकू येत नाही. खांदे हलले की समजायचं, हसले.

मध्यंतर होऊन दहा-बारा मिनिटं झाली असतील, लाईट गेली. जनरेटर सुरू व्हायला अर्धा मिनिट लागतो, तेवढा वेळ यूपीएस धरतो. त्या दिवशी धरला नाही. बॅटऱ्या बदला म्हणून मी मार्चपासून सांगत होतो, पण ते असो. सर्व्हर धाडकन बंद. परत चालू केला तर पाव तास स्वतःचीच तपासणी करत बसला आणि शेवटी म्हणाला, किल्ली मिळत नाही. डिजिटल पिक्चर कुलूप लावून येतो. किल्लीची फाईल वेगळी येते, तीही एकाच सर्व्हरपुरती आणि ठरावीक तारखांपुरतीच. फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, नवीन किल्ली पाठवतो, अर्धा-पाऊण तास लागेल.

मॅनेजर म्हणाले, "तूच जा खाली सांगायला. मला बघितलं तर तिकिटाचे पैसे आठवतील लोकांना."

पडद्याकडं पाठ करून, लोकांकडं तोंड करून मी आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिलो. सांगितलं, असं असं झालंय, ज्यांना पैसे परत पाहिजेत त्यांनी बुकिंगवर जावं. कुणी हललं नाही. बाहेर गुडघाभर पाणी लागलं होतं. मधल्या रांगेतला एक रिक्षावाला म्हणाला, "भाईर जाऊन काय पोहायचं व्हय? बसतो की. भडंग तरी आणा." कँटीनवाल्या पोरानं भडंगाच्या पुड्या फिरवल्या. डोअरकीपरनं वारा यावा म्हणून बाजूचे दरवाजे उघडले. मला वर जाऊन करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पडद्याखालच्या पायरीवर बसलो.

पहिली पाच मिनिटं चालू पिक्चरलाच शिव्या होत्या. मग गाडी गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कोण काय बघून आलं त्याच्यावर गेली. शिवाजी पेठेतली पोरं दक्षिणेतला एक डब केलेला पिक्चर दोनदा बघून आलेली. "एंट्रीलाच पैसे फिटले भावा!" रिक्षावाला म्हणाला, "कसले फिटले? पाऊण पिक्चर हिरो हळूहळू चालतोय. नेहमीसारखा चालला असता तर पावणेदोन तासात घरी आलो असतो. माझं तीन तासाचं भाडं बुडलं." त्यावर बाल्कनीतनं एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "मी तर अर्ध्यातनं उठून आलो. हिरॉइन सगळ्या पिक्चरात अकरा वाक्यं बोलतीय. मोजलो मी." (पुण्याचा पाहुणा असता तर दचकला असता, आमच्याकडच्या मुली 'आलो', 'मोजलो'च म्हणतात.) पेठेतली पोरं खवळली. वाक्यं मोजायला पिक्चरला जायचं असतं का, वगैरे. ती खाली वाकून म्हणाली, "मग तुम्ही काय मोजलासा? मुडदे?" बाल्कनी आणि स्टॉल दोन्ही हसले. मी पायरीवर बसून तो हसण्याचा आवाज ऐकत होतो. अंगावर येतो तो. केबिनमध्ये कधी कळला नव्हता.

कोल्हापुरात पाच माणसं पिक्चरवर बोलायला लागली की त्यातल्या एकाच्या आज्यानं भालजी पेंढारकरांच्या पिक्चरमध्ये भाला धरलेला असतोच. इथंही निघाला एक. जयप्रभा स्टुडिओत आजोबा तीन दिवस मावळा म्हणून उभे होते म्हणे. मग बाबुराव पेंटर आले, त्यांनी इथंच हातानं तयार केलेला कॅमेरा आला, प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथं सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला गेली याचं दुःखही आलं. ते दुःख आमच्याकडं अजून ताजं आहे.

त्या मुलीनं गाडी परत रुळावर आणली. म्हणाली, हल्ली सगळं ढॅणढॅण वाजवून सांगतात, 'सैराट'च्या शेवटासारखं गप्प बसायची हिंमत कुणात नाही. तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, 29 एप्रिल 2016, पहिला शो. शेवटी ते लहान मूल चालत बाहेर येतं आणि आवाज पूर्ण बंद होतो. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या थिएटरनं वळून केबिनकडं बघितलं. डोअरकीपर जिना चढून धापा टाकत वर आला, "आवाज गेला, आवाज गेला!" आणि खोटं कशाला बोलू, माझाही हात अँप्लिफायरकडं गेला होता. लोक हसले. एक जण म्हणाला, "मी बी वळून बघितल्यालं. शिवी बी दिली होती तुम्हाला."

एवढा वेळ कडेच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ गप्प होते. दर शनिवारी येतात, तीच खुर्ची. गुळाच्या अडतीत दिवाणजी होते, म्हणून सगळे त्यांना दिवाणजीच म्हणतात. ते म्हणाले, "आता समदं दाखवत्यात. मेल्यालं दाखवत्यात, जाळल्यालं दाखवत्यात, राख बी दाखवत्यात. 96 साली ह्याच थेटरात मी एक पिक्चर बघितला. बाप आजारी, पोरगा मुंबईवरनं आलाय, बापाजवळ बसलाय. बाप त्याच्याकडं बघतोय. आणि एकदम पोरगा विहिरीवर, डोकं भादरल्यालं, पाणी शेंदतोय. मरण दाखवलंच न्हाई! आणि पाणी शेंदताना त्याला बापाचा खोकला ऐकू येतोय. अर्धाच. वर येतोय आणि तुटतोय."

थिएटर गप्प झालं. दिवाणजी पुढं म्हणाले, "माझा बाप गेला तवा मी अडतीत हुतो. निरोप आला, घरी गेलो, तर समदं आवरल्यालं. मला बी मधलं काय दिसलंच न्हाई. तो पिक्चर बघून मला वाटलं, ह्या डायरेक्टरला हे कळलं कसं?"

माझे हातपाय गार पडले. पिक्चरचं नाव मी लिहीत नाही, डिरेक्टर हयात आहेत.

पेठेतल्या एका पोरानं तोवर मोबाईलवर पिक्चर काढलाही. तो सीन काढला आणि आवाज मोठा करून सगळ्यांना दाखवला. त्यात बाप खोकतो, आई धावत येते, वीज कडाडते, देव्हाऱ्यातला दिवा विझतो, मग आईचा हंबरडा. विहीर त्याच्यानंतर. दिवाणजींनी मोबाईल लांब धरून दोनदा बघितलं. म्हणाले, "हे त्यात नव्हतं. मागनं घातलंय." पोरं हसली. "दिवाणजी, वय झालं आता तुमचं. दुसराच पिक्चर असंल कुठला तरी." ते "नव्हतं रं बाबा" म्हणाले, पण आवाज खाली गेला होता. मोबाईल परत देताना ते उगाचच टोपी नीट करत राहिले.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "नव्हतंच त्यात. मी कापलं होतं."

मग सगळं सांगावं लागलं. प्रिंट गडहिंग्लजहून एसटीनं आली होती, गावोगाव फिरून चाळण झालेली. पाचव्या रिळात कडेची भोकं फाटलेली. शुक्रवारी दोन शोंना त्याच जागी अडकली, तुटली, लोकांनी खुर्च्या बडवल्या. मालक म्हणाले, काय फाटलंय ते काढून टाक आणि जोड. बापाच्या खोकल्यापासून हंबरड्यापर्यंत पट्टी खराब होती. मिनिटाला नव्वद फूट जातात. मी दीडशे फुटांच्या आसपास काढले आणि पुढची विहीर जोडली. एवढंच. डोकं भादरलेला पोरगा आला की लोकांना कळेल बाप गेला, एवढा विचार मात्र केला होता.

"आणि खोकला?" बाल्कनीतनं त्या मुलीनं विचारलं.

ते समजावायला जरा वेळ लागला. रिळावर आवाज चित्राच्या शेजारी नसतो, साधारण वीस फ्रेम पुढं छापलेला असतो, कारण मशीनमध्ये चित्राची खिडकी वर आणि आवाजाचं डोकं खाली. सेकंदाला चोवीस फ्रेम. म्हणजे जोड खिडकीतून गेला, पडद्यावर विहीर आली, तरी खालचं डोकं अजून कापलेल्या सीनचा आवाज वाचत असतं. सेकंदापेक्षा थोडं कमी. प्रत्येक जोडावर असं होतं. ऑपरेटर त्याला खोड म्हणतात आणि सोडून देतात.

रिक्षावाला म्हणाला, "म्हंजे दीडशे फुटाचे पैसे खाल्लासा की आमचे!" मग जो तो जुना हिशेब काढायला लागला. अमक्या पिक्चरातलं गाणं तुम्हीच कापलं होतं का, तमक्यात मारामारी एकदम कशी संपली. काही मी कापली होती, काही नव्हती, सगळी माझ्या नावावर गेली. एका वहिनींनी तर त्यांच्या लग्नाच्या वर्षीचा हिशेब मागितला.

दिवाणजी त्या गोंधळात उठून माझ्याजवळ आले. "खोकला बी तुमचाच म्हणायचा मग?"

"खोकला बापाचाच हो," मी म्हटलं. "फक्त जागा चुकली."

त्यांनी मान हलवली. "त्ये दीडशे फूट हाईत का अजून?"

नव्हते. तेव्हा थिएटरबाहेर पोरं तुकड्यांसाठी उभी असायची. भिंग आणि बल्ब लावून घरच्या भिंतीवर पिक्चर दाखवायची. कुणाच्या तरी भिंतीवर तो बाप तुकड्या-तुकड्यानं गेला असेल. मी नुसतं "न्हाईत" म्हटलं. "बरं झालं," ते म्हणाले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. बरं का झालं, ते मी विचारलं नाही.

मॅनेजरनी वरून हाक मारली, किल्ली आली. मी वर गेलो, पाच मिनिटं मागं घेऊन पिक्चर सोडला, दिवे बंद केले. काचेमागं पुन्हा घरघर. पिक्चरच्या शेवटाकडं हिरोचा थोरला भाऊ गोळी लागून पडतो. तो मरता मरता आईबद्दल बोलतो, गावाबद्दल बोलतो, मग पाऊस येतो, मग गाणं. पडद्याच्या उजेडात मला दिसलं, कडेच्या खुर्चीवरचे दिवाणजी मागं वळले. केबिनकडं बघत त्यांनी हात वर केला आणि दोन बोटांची कात्री चालवून दाखवली.

तो सीन पावणेचार मिनिटांचा आहे. भाऊ नुकताच पडला होता.